पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि नर्मदेचा घाट

नदीला माता म्हणण्याची आपली रीत फार जुनी आहे. परंतु मोठ्या नदीच्या काठी ज्यांनी एखादा पावसाळा काढला असेल त्यांस हेही ठाऊक असेल, की ही माता वर्षातील काही महिने लेकरांस सुखाने जवळ येऊ देत नाही. आषाढात पाणी चढते आणि काठ गिळते. आश्विनात ते उतरू लागते आणि मागे गुडघाभर गाळ व निसरडी दरड ठेवून जाते. उन्हाळ्यात प्रवाह इतका खाली जातो की घागर भरून आणणाऱ्या बाईस तीच दरड दिवसातून चार वेळा चढावी लागते. दूरदेशीहून स्नानास आलेला वृद्ध यात्रेकरू, पितरांचे पिंड घेऊन आलेला पुत्र, पलीकडच्या तीरास जाणारा बाजारकरी, नाव बांधण्यास जागा शोधणारा नावाडी, या सर्वांची गरज एकच असते. पाणी कितीही वर असो वा खाली असो, पाऊल ठेवावयास पक्की पायरी मिळावी. घाट म्हणतात तो याच गरजेसाठी.

पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव घेतले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे मंदिरे उभी राहतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या बांधकामांची यादी बारकाईने पाहू गेल्यास मंदिरांच्या जोडीने घाट, विहिरी, बारवा, कुंडे व धर्मशाळा सर्वत्र दिसतात. देवाच्या दर्शनास येणारा मनुष्य आधी प्रवास करतो, तहानतो, मुक्काम करतो आणि नदीवर उतरतो, हे त्यांनी ध्यानात ठेविले होते. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही घाटाच्या बाजूने सांगावयाचे योजिले आहे. आमच्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांनी महेश्वर पाहिले असेल, काहींनी काशीही पाहिली असेल. ज्या पायऱ्यांवरून आपण उतरलो त्या कोणत्या परिस्थितीत व कोणत्या पैशातून उभ्या राहिल्या, हे आपणांस ठाऊक असावे.

चौंडीपासून इंदूरपर्यंत

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे झाला. हे खेडे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात, सीना नदीच्या काठी आहे. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. घर सुखवस्तू असले तरी राजघराणे नव्हते. मल्हारराव होळकर पुण्याच्या वाटेवर असता चौंडीस उतरले, तेथील देवळात त्यांनी ही मुलगी पाहिली आणि आपल्या एकुलत्या पुत्रासाठी तिला मागणी घातली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. १७३३ साली खंडेराव होळकरांशी त्यांचा विवाह झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे आठ वर्षांचे होते.

मल्हाररावांनी सुनेचे गुण लवकर ओळखले. लेखन, वाचन, हिशेब हे तर त्यांनी तिला शिकविलेच, पण वसूल कसा घ्यावा, फौजेस रसद कशी पोहोचवावी, पत्रास उत्तर कसे द्यावे हेही तिच्या अंगवळणी पाडले. स्वतः मल्हारराव वर्षाचे कितीतरी महिने स्वारीवर असत. मागे राहिलेला कारभार हळूहळू या सुनेकडे आला. तोफखान्यासारख्या लष्करी बाबींतही सासरे सुनेस पत्रांतून सूचना देत आणि त्या पार पडतील असा भरवसा बाळगीत.

१७५४ च्या मार्च महिन्यात जाटांच्या कुंभेर किल्ल्यास वेढा पडला असता खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाले. अहिल्याबाई तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुले लहान होती. त्यांनी सती जाण्याचे ठरविले. मल्हाररावांनी त्यांची विनवणी केली, एकुलता मुलगा गेला, आता या म्हाताऱ्यास तूच आधार, अशा अर्थाची गळ घातली आणि त्यांस परत फिरविले. त्या दिवशी सासऱ्याचा शब्द मोडला गेला असता तर पुढे जे काही झाले त्यातील काहीच झाले नसते. वाचकांनी हा प्रसंग मनात ठेवावा, कारण ३७ वर्षांनी त्याचे दुसरे रूप त्यांच्यापुढे आले.

१७६६ च्या मे महिन्यात मल्हाररावांचा आलमपूर येथे अंत झाला. सुभेदारीची वस्त्रे मालेरावांस मिळाली, परंतु वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १७६७ साली, तेही वारले. पती, सासरा आणि पुत्र असे तिघे तेरा वर्षांत गेले. दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा घाट घातला आणि रघुनाथराव पेशव्यांस फौजेसह माळव्यात बोलाविले. अहिल्याबाईंनी दत्तक नाकारला, शिंदे, भोसले, गायकवाड यांस पत्रे पाठविली आणि लढाईची तयारी केली. पुण्यास माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. क्षिप्रेच्या काठापर्यंत आलेले रघुनाथराव, आपण समाचारास आलो आहो, असे सांगून मोकळे झाले. होळकर घराण्यातील, पण मल्हाररावांचे पुत्र नसलेले तुकोजी होळकर यांच्याकडे अहिल्याबाईंनी फौजेची बाजू सोपविली आणि मुलकी कारभार आपल्या हाती घेतला. पुढील २८ वर्षे त्यांनी तो चालविला.

महेश्वरची निवड

राज्यसूत्रे हाती येताच त्यांनी इंदूर सोडून नर्मदेच्या उत्तर तीरावरील महेश्वर हे आपले ठिकाण केले. महेश्वर म्हणजेच पुराणांतील माहिष्मती, असे पुष्कळ विद्वान मानतात. समोरच्या तीरावर नावडातोली ही नावाड्यांची वस्ती आहे. १९५२-५३ साली डॉ. हसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली महेश्वर व नावडातोली येथे उत्खनन झाले, तेव्हा तेथे ताम्रपाषाण काळातील वसतीचे अवशेष सापडले. नदी ओलांडण्याची ही जागा हजारो वर्षांची आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. माळवा आणि दक्षिण यांच्या मधली ही नदी, आणि तिच्यावर दोन्ही तीरांस माणसांची वस्ती असलेले हे ठिकाण. अहिल्याबाईंनी ज्या जागेवर घाट बांधिला ती अशी आधीच लोकांच्या पायाखालची जागा होती.

किल्ला त्यांच्या पूर्वीही होता. त्याच्या आत त्यांनी राहावयास जो वाडा केला तो पाहून आजचा प्रवासी चकित होतो, पण तो त्याच्या साधेपणामुळे. लाकडी खांब, चौक, ओसरी, देवघर. दक्षिणेतील एखाद्या सधन पाटलाच्या वाड्याहून त्याचा थाट फारसा निराळा नाही. वाड्यापासून खाली नदीकडे पाहिले म्हणजे मात्र खर्च कशावर झाला ते दिसते. किल्ल्याच्या तटाखाली रुंद दगडी पायऱ्यांची ओळ काठाने दूरवर गेली आहे, मधून मधून बुरूज पाण्यात पुढे आले आहेत, आणि पायऱ्यांवर ठिकठिकाणी लहान शिवलिंगे आहेत. अहिल्या घाट, पेशवा घाट, फणसे घाट अशी त्यांची नावे. राज्यकर्त्याचे घर लहान आणि लोकांची पायरी रुंद, हे प्रमाण आम्हांस त्यांच्या साऱ्या कारभाराची खूण वाटते.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. घाटावरून वर चढत जाणारा भव्य जिना व त्यावरील अहिल्येश्वराचे मंदिर पाहून पुष्कळ लोक तेही अहिल्याबाईंनीच बांधिले असे समजतात. वस्तुतः ती त्यांची छत्री होय. त्यांच्या मृत्यूनंतर यशवंतराव होळकरांच्या काळात ते काम निघाले आणि यशवंतरावांच्या पत्नी कृष्णाबाई यांनी ते पूर्ण केले. शेजारीच यशवंतरावांचे बंधू विठोजी यांची छत्री आहे. स्वतःच्या स्मारकासाठी दगड घडविण्याचे काम अहिल्याबाईंच्या मनात आले नाही.

घाट बांधतात कसा

घाट म्हणजे काठावर मांडलेल्या पायऱ्या, इतकी सोपी ती गोष्ट नाही. देऊळ बांधणाऱ्यास एक पाया घालून निश्चिंत होता येते, कारण त्याची जमीन जागची हलत नाही. घाट बांधणाऱ्याचा पाया पाण्याखाली असतो आणि त्याचे पाणी वर्षभरात कितीतरी हात वर-खाली होते. काम करण्यास अवधी मिळतो तो पूर उतरल्यापासून पुढच्या पावसापर्यंतचा. त्यातही सर्वांत खालच्या पायऱ्या बसवावयाच्या तर चैत्र-वैशाखाच्या कडक उन्हात, पाणी तळाशी गेले असताच. तेवढ्या दिवसांत खालचा थर पुरा झाला नाही तर पहिल्या पुराबरोबर सारे श्रम वाहून जातात.

दगड खाणीतून काढून पाथरवटांनी काठावरच घडवावा लागतो. चुना घाणीत बैल जुंपून दिवसचे दिवस मळावा लागतो, कारण कच्चा चुना पाण्याखाली टिकत नाही. पायऱ्यांच्या मागे मातीचा जो भराव असतो तोच घाटाचा खरा शत्रू होय. पूर चढत असता नदीचे पाणी भिंतीस बाहेरून रेटते आणि भराव तिला आतून आधार देतो. पूर झपाट्याने उतरू लागला म्हणजे बाहेरचा रेटा नाहीसा होतो, पण भरावात मुरलेले पाणी आतच राहते आणि ते भिंतीस बाहेर लोटते. घाट फुटतात ते पुष्कळदा अशा उतरत्या पुरात. म्हणून पाण्यास वाट ठेवावी लागते, पायऱ्यांचा उतार सौम्य ठेवावा लागतो, मधून मधून रुंद टप्पे सोडावे लागतात आणि प्रवाहाचा मारा अंगावर घेण्यास भक्कम बुरूज पुढे काढावे लागतात. बुरुजाच्या आडोशास पाणी संथ होते. तेथे स्नान करणाऱ्यास भय कमी, आणि नाव लावणाऱ्यासही सोय.

महेश्वरास एक अनुकूलता होती. तेथील नर्मदेचे पात्र काळ्या खडकाचे आहे. जवळच सहस्रधारा म्हणून ठिकाण आहे, तेथे हाच खडक नदीस अनेक धारांत फोडतो. खडकावर बसविलेली पायरी सहसा खचत नाही. काशीस स्थिती निराळी आहे. तेथे गंगेचा उंच काठ गाळमातीचा आहे. त्या काठावर जड बांधकाम किती धोक्याचे असते, याचे उदाहरण आपल्याच लोकांच्या इतिहासात आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तेथे मोठ्या हौसेने भव्य घाट बांधविला, परंतु दगडाच्या भाराने तो खचला. त्याची दुरुस्ती विसाव्या शतकात करावी लागली. शेजारचे रत्नेश्वराचे देऊळ आजही कललेल्या स्थितीत उभे आहे. बायजाबाईंच्या दातृत्वात काही उणे नव्हते. उणे होते ते पायाखालच्या मातीत. हे लक्षात घेतले म्हणजे काशीस टिकून राहिलेल्या घाटांचे मोल कळते.

काशीची कामे

काशी ही होळकरांच्या राज्यात नव्हती. तेथे अहिल्याबाईंचा अंमल नव्हता, वसूल नव्हता, की फौज नव्हती. तरी त्यांनी तेथे जे केले ते एखाद्या स्थानिक राजानेही क्वचितच केले असेल. १६६९ साली औरंगजेबाच्या आज्ञेने पाडलेले विश्वेश्वराचे मंदिर जवळच्या जागेवर त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभे केले, हे सर्वश्रुत आहे. दशाश्वमेध घाट बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४८ साली बांधविला होता, त्याचे काम अहिल्याबाईंनी १७७४ साली नव्याने केले. पूर्वी केवलगिरी घाट म्हणून ओळखला जाणारा घाट त्यांनी पक्का करून घेतला. तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मणिकर्णिकेचा घाटही त्यांनी १७९१ च्या सुमारास पुन्हा बांधून काढला.

मणिकर्णिका म्हणजे काशीचे महाश्मशान. दशाश्वमेधावर जिवंत माणूस स्नानास उतरतो, मणिकर्णिकेवर त्याची शेवटची यात्रा उतरते. दोहोंचीही पायरी या एका बाईने नीट करून दिली. पेशव्यांपासून नागपूरकर भोसल्यांच्या पदरच्या माणसांपर्यंत अनेक मराठी हातांनी काशीचा तो काठ दगडाने बांधून काढला आहे, त्यात अहिल्याबाईंचा वाटा मोठा आहे. हरिद्वारास कुशावर्त, गोदावरीकाठी पुणतांबे, आणि माहेरी चौंडीस सीनेचा काठ, अशी ही ओळ दूरवर जाते. यांखेरीज १७८३ साली सोमनाथाचे नवे मंदिर आणि १७८७ साली गयेचे विष्णुपद मंदिर त्यांनी बांधविले.

दूरदेशीची ही कामे चालत कशी, असा प्रश्न साहजिक आहे. अहिल्याबाई स्वतः महेश्वरी असत. ठिकठिकाणी त्यांचे कारकून नेमलेले होते. ते कामाचा हिशेब व हकीगत पत्रांनी कळवीत आणि येथून हुकूम जात. बांधून झाल्यावर काम वाऱ्यावर सोडावयाचे नाही, अशी त्यांची रीत होती. पूजा-अर्चा, झाडलोट, अन्नछत्र, डागडुजी यांसाठी जमिनी व वर्षासने लावून दिली जात. गंगेचे पाणी कावडींनी दूरदूरच्या देवस्थानांस दरवर्षी पोहोचविण्याची व्यवस्थाही त्यांनी केली होती. एकदा दिलेल्या देणगीपेक्षा दरवर्षीची नेमणूक अवघड असते, हे कोणत्याही देवस्थानच्या पंचांस विचारावे.

पैसा कोणाचा

या चरित्रातील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हिशेबाचा आहे, आणि तोच पुष्कळदा सांगावयाचा राहतो. होळकरांच्या उत्पन्नाचे दोन भाग होते. एक दौलतीचा. त्यातून फौज, किल्ले व राज्यकारभार चाले. दुसरा खासगीचा. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांस स्वतंत्र जहागीर दिली, तेव्हापासून ही खासगी निराळी झाली. गौतमाबाई १७६१ साली निवर्तल्यावर ती अहिल्याबाईंकडे आली. ही रक्कम त्यांच्या स्वतःच्या खर्चाची होती. दागिने, वाडे, लग्नकार्ये यांत ती उडविली असती तरी जाब विचारणारे कोणी नव्हते.

धर्मकार्ये झाली ती या खासगीतून. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. माळव्याच्या शेतकऱ्याने भरलेला सारा काशीच्या घाटावर गेला, असे कोणास म्हणता येऊ नये. राज्याचा पैसा राज्यास, आणि स्वतःचा पैसा साऱ्या देशास, अशी ती वाटणी होती. रघुनाथरावांनी पैशाची मागणी केली असता अहिल्याबाईंनी, खासगीच्या द्रव्यावर आपण तुळशीपत्र ठेविले आहे, दान म्हणून घ्यावयाचे असेल तर संकल्प सोडते, अशा आशयाचे उत्तर दिल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती आम्ही सांगतो, परंतु लोकांनी त्यांच्याविषयी काय लक्षात ठेविले ते तिच्यातून कळते.

त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने, त्यांस पाहिलेल्या माणसांकडून ऐकून, १८२३ च्या सुमारास आपल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात नोंदविले आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजा, पुराणश्रवण, दानधर्म, साधे भोजन, थोडी विश्रांती, आणि मग पांढऱ्या वस्त्रांत दरबार. दुपारपासून सूर्यास्तापर्यंत लोकांची गाऱ्हाणी त्या स्वतः ऐकत. पूजा व फराळ यांनंतर रात्री पुन्हा कामास बसत, ते अकरापर्यंत. माल्कम हा होळकरांशी लढलेल्या कंपनी सरकारचा माणूस. त्याने त्यांची जी थोरवी गायिली तीत त्याचा काही लाभ नव्हता.

महेश्वरात त्यांनी विणकर आणून वसविले. त्यांच्या हातच्या महेश्वरी लुगड्यांच्या काठांवर किल्ल्याची व घाटाची नक्षी आणि नर्मदेच्या लाटा उतरल्या. आजही तो धंदा गावास पोसतो आहे. राजवाड्यात मातीची असंख्य पार्थिव शिवलिंगे करून, पूजून ती नर्मदेस अर्पण करण्याची त्यांनी घातलेली रीत अद्याप चालू आहे.

१७९१

कन्या मुक्ताबाई हिचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. राज्यात चोर-दरोडेखोरांचा जो बंदोबस्त करील त्यास आपली मुलगी देईन, असे अहिल्याबाईंनी भर दरबारात सांगितले आणि यशवंतरावांनी ते काम करून दाखविले, अशी त्या विवाहाची कथा आहे. या जोडप्याचा मुलगा नथ्याबा हा आजीच्या साऱ्या आशांचे ठिकाण होता. तो तरुण वयातच वारला. त्यानंतर सुमारे वर्षाने, १७९१ साली, यशवंतरावही गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला.

आता मागे सांगितलेला प्रसंग आठवावा. १७५४ साली सासऱ्याने सुनेस विनविले आणि सून थांबली. १७९१ साली आईने मुलीस विनविले, पायांवर डोके ठेविले, परंतु मुलगी थांबली नाही. आई म्हातारी झाली आहे, थोड्या दिवसांनी तीही जाईल, मग पती व पुत्र गेलेल्या आपणांस कोण उरणार, असा तिचा विचार होता आणि त्यावर आईजवळ उत्तर नव्हते. राज्यकर्त्या म्हणून त्यांस हुकूम करता आला असता. तो त्यांनी केला नाही, किंवा त्यांच्याने करवला नाही. त्या काळची रूढी त्यांच्याही मनात खोल रुजलेली होती. अहिल्याबाई यात्रेबरोबर चालत नर्मदेच्या काठी गेल्या आणि चितेजवळ उभ्या राहिल्या. दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरिले होते. ज्वाळा उठल्यावर त्यांचा धीर सुटला. नंतर नर्मदेत स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही, कोणाशी शब्दही बोलल्या नाहीत.

महेश्वरच्या घाटावर सतींची जी स्मारके आहेत त्यांकडे पाहताना आम्हांस हा प्रसंग नेहमी आठवतो. सतीची चाल १८२९ साली कंपनी सरकारच्या मुलखात कायद्याने बंद झाली आणि पुढे संस्थानांतूनही गेली, हे बरेच झाले. एका स्त्रीस त्या चितेवरून परत आणिले, त्यामुळे माळव्यास २८ वर्षांचे सुराज्य व देशास इतके घाट मिळाले. ज्या परत आणिल्या गेल्या नाहीत त्यांच्या हातून काय काय झाले असते, याचा हिशेब आता कोणास मांडता येईल?

चौथ्या दिवशी कारभार पुन्हा सुरू झाला. मणिकर्णिकेचे काम याच वर्षाच्या सुमाराचे आहे, हे वर आलेच आहे. स्वतःचे म्हणून जे होते ते बहुतेक सारे अग्नीस दिलेली ती वृद्धा दुसऱ्यांच्या प्रेतयात्रांसाठी काशीची पायरी बांधवीत होती. यानंतर त्या चार वर्षे जगल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वरी त्यांचे देहावसान झाले.

पुढे काय झाले

त्यांच्यामागे तुकोजी दोनच वर्षांनी गेले आणि माळव्यात धामधूम माजली. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास गेली व महेश्वर मागे पडले. परंतु घाट टिकले. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाल्यावर खासगीच्या धर्मकार्यांचा प्रश्न उभा राहिला आणि १९६२ साली त्यांसाठी एक न्यास स्थापन झाला. अहिल्याबाईंच्या मंदिरांबरोबर त्यांचे घाट, धर्मशाळा व बागा यांची देखभाल त्याच्याकडे आली. पुढे त्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उत्पन्न होऊन तो न्यायालयांपर्यंत गेला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली येतो, असा निर्णय दिला. नावात खासगी असले तरी वस्तू लोकांची आहे, असाच त्याचा सामान्य अर्थ आम्ही घेतो. अहिल्याबाईंनी तुळशीपत्र ठेविले त्याचाही अर्थ दुसरा नव्हता.

एक गोष्ट आणखी. पक्की पायरी झाली म्हणजे ती सर्वांची झाली, असे आपल्या समाजात फार काळ नव्हते. पाणवठ्यांवर जातीजातींचे निर्बंध अहिल्याबाईंच्या काळीही होते आणि त्यानंतरही कित्येक पिढ्या राहिले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, यावरून ते किती टिकले हे दिसते. दगडाचे काम एका पिढीने केले, ती पायरी सर्वांस मोकळी करण्याचे काम पुढच्यांवर राहिले, आणि ते संपले असे समजून कोणी स्वस्थ बसू नये.

आमच्या सभासद कुटुंबांस आमची विनंती आहे की महेश्वरास किंवा काशीस जाणे होईल तेव्हा देवदर्शन करून तसेच परतू नये. थोडा वेळ घाटावर बसावे. पायऱ्या कोठे रुंद केल्या आहेत, बुरूज प्रवाहास कसा तोंड देतो, पाण्याची खूण दर पावसाळ्यात कोठवर चढते, हे मुलांस दाखवावे. निर्माल्य व प्लास्टिक नदीत टाकू नये, कोणी टाकीत असेल तर त्यास नम्रपणे थांबवावे. पायरीचा दगड निसटलेला दिसला तर तेथील व्यवस्थापकांस कळवावे. आपल्या गावी लहानशी नदी असेल, तिचाही घाट असेल, त्यावर वर्षातून एक दिवस झाडू घेऊन जावे. अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीस पालखी निघते तेव्हा आपण सारे तिच्यामागून चालतो. श्रावण वद्य चतुर्दशीचा तोच दिवस या कामास योग्य आहे.